एन्नियोच्या पेटीतली सही

गुआल्तिएरो दारात येऊन उभा राहिला तेव्हा दोरिना मसूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. बुटांवरूनच ओळखलं. तेरा वर्षांत हा माणूस तिच्या उंबऱ्याशी फिरकला नव्हता. एन्नियोच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मयताला सुद्धा आला नव्हता. फुलांचं चक्र तेवढं पाठवलं होतं, आणि त्या चक्रावर कारखान्याचं नाव मयताच्या नावापेक्षा मोठं होतं!

"बस म्हणणार नाहीस, दोरिना?"

"तू कधीपासून विचारून बसायला लागलास?"

तो बसला. एन्नियोच्याच खुर्चीवर बसला, दुसऱ्या तीन मोकळ्या असताना. दोरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात मसुरात फिरत राहिले.

इटलीतल्या कास्तेलफिदार्दोत असं एक घर सापडणार नाही, की जिथलं कुणी ना कुणी अ‍ॅकॉर्डियनच्या धंद्यात नव्हतं. गावात तिला सगळे नुसती पेटी म्हणत. गुआल्तिएरो आणि एन्नियो, दोघांनी मिळून 'सिरेल्ला' पेट्यांचा कारखाना काढला होता. गुआल्तिएरो विकायचा आणि एन्नियो सूर लावायचा. पेटीच्या पोटात लाकडी ठोकळे असतात, ठोकळ्यांवर सुरांच्या पोलादी जिभा बसवलेल्या असतात, आणि एकेक जीभ कानशीनं घासून सुरात आणावी लागते. एका पट्टीला दोन जिभा, आणि त्या दोघी एकमेकींपासून केसभर लांब ठेवायच्या, म्हणजे आवाज थरथरतो. किती लांब, हे ज्याचं त्याचं गुपित. एन्नियोची थरथर आंधळ्यानं रस्त्यावरून जाता जाता ओळखावी अशी होती. पण पेटीवर नाव झळकायचं ते 'गुआल्तिएरो पेसारेसी आणि मंडळी'. एन्नियो त्या मंडळीत! त्याचं स्वतःचं नाव फक्त आत, ठोकळ्यावर, पेन्सिलीनं, तारखेसकट.

ही गावची रीतच होती. ज्यानं कानस लावली त्यानं ठोकळ्यावर सही करायची. उद्या दुसऱ्या कुणी एकाच जिभेला जरी हात लावला, तरी त्यानं खाली आपलं नाव आणि तारीख घालायची. आणि सही असलेल्या सुराला, सही करणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. लग्नं मोडली, भावाभावांनी शेतं वाटून घेतली, पण ही रीत कुणी मोडली नाही.

पुढे तारांचे आणि बटणांचे दिवस आले. गुआल्तिएरोनं आधी विजेचे ऑर्गन काढले, मग सिंथेसायझर. सूर लावायचा विभाग एका सोमवारी बंद झाला. चाळीस बाया एप्रन हातात घेऊन रस्त्यावर आल्या, त्यात दोरिनाही होती. ती नवऱ्याच्याच हाताखाली सूर लावायला शिकली होती. एन्नियोची हत्यारं ड्रायव्हरच्या हाती घरी आली, पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्यानंतर तो चार वर्षं जगला, त्याला जगणं म्हणत असतील तर. जाण्याआधी त्यानं स्वतःसाठी एक पेटी केली. काळी. बाहेरून नावगाव काही नाही.

"ती काळी पेटी मला एक दिवस हवीय," गुआल्तिएरो म्हणाला.

"कशाला? जाळायला?"

"दोरिना, ऐक. जपान्यांनी आमच्या तोंडचा घास काढलाय. गावातले दोन कारखाने गेले, तिसरा दिवस मोजतोय. मी नवीन कीबोर्ड आणतोय. खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून तो पट्ट्यांवर वाजवणारा. जपान्यांच्या यंत्रात सगळं आहे, पण पेटी वाजवली की पत्र्याचा डबा वाजतो. आपल्यात खरी पेटी असेल. एन्नियोची."

"आता आठवला एन्नियो!"

"काय हवंय ते बोल."

दोरिनानं मसुरातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "त्या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाचं नाव उमटतं म्हणे. तिथं एन्नियोचं नाव यायला पाहिजे. सिरेल्ला नाही, पेसारेसी नाही. एन्नियो."

"दिलं," तो म्हणाला. चुटकीसरशी. आणि तिथंच दोरिनाची खात्री पटली की हा फसवणार. जो माणूस तीस वर्षं पेटीच्या बाहेर खिळ्याएवढी जागा देत नाही, तो चुटकीसरशी हो म्हणतो म्हणजे काय ते कळायला शाळेत जावं लागत नाही.

"गुरुवारी घेऊन येते," ती म्हणाली.

तिची मुलगी लोरेदाना त्याच कारखान्यात होती. आवाज भरायच्या खोलीची मुख्य. बापाचा कान घेऊन जन्माला आलेली, पण बापाला हाकलणाऱ्याच्याच दारात नोकरी धरलेली. त्या पायी दोरिना वर्षभर तिच्याशी बोलली नव्हती. आता बोलत होती, पण टोचून टोचून. बुधवारी दुपारी लोरेदाना जेवायला आली तेव्हा तिनंच सगळं सांगितलं, आणि केवढी हरखून!

"सगळ्या पट्ट्या घेत नाही गं आपण. यंत्राच्या पोटात तेवढी जागा नसते. एक घ्यायची आणि तीच शेजारच्या तिघींवर ताणायची. 'सी' सूर घेतला, मग 'मी', मग 'सोल'. बाबांचा एक सूर चार पट्ट्यांवर!"

"म्हणजे एक नासला तर चार नासल्या."

"बाबांचा कशाला नासेल?" लोरेदाना हसली.

ती गेली आणि दोरिनानं भांडी तशीच टाकून काळी पेटी कामाच्या टेबलावर घेतली. भात्याचे खिळे काढले. ठोकळ्यावर एन्नियोची सही, तारखेसकट, जराशी तिरकी. तिच्याकडे तिनं फार वेळ बघितलं नाही.

गुआल्तिएरोला आयुष्यात एकच गाणं वाजवता आलं. एक साल्तारेल्लो, नाचाची धून. लग्न असो, बारसं असो, परदेशी व्यापारी आलेला असो, तेच. आणि सुरुवात वरच्या सोलवर. तोही असा लांबवायचा, की जणू पोप आशीर्वाद देतोय. हे सगळ्या गावाला पाठ होतं, दोरिनाला तर झोपेतही. नवा कीबोर्ड दाखवताना तो हेच वाजवणार, आणि पहिल्याच सुराला तोंडघशी पडणार. सगळ्या व्यापाऱ्यांसमोर. वर त्याचं स्वतःचं नाव झळकत असताना.

तिनं वरच्या सोलच्या दोन जिभांतली एक निवडली आणि टोकाशी कानस फिरवली. दोनदा. फुंकर मारून ऐकलं, मग तिसऱ्यांदा फिरवली. थरथर आता थरथर राहिली नव्हती, किरकिर झाली होती. एकटी ऐकली तर चालून जाईल, शेजारणींवर ताणली तर दात आंबतील अशी. हात सवयीनं कानामागच्या पेन्सिलीकडे गेला, तसा खालीही आला. पेटी बंद झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कानस लावून सही केली नाही.

गुरुवारी आवाज भरायच्या खोलीत मिलानहून आलेला एक इंजिनियर होता, कोवळा आणि आखडू. लोरेदाना एकेक पट्टी दाबत गेली. सी, मी. सोलला तिचा हात थबकला. तिनं पुन्हा दाबला.

"आई, हा सोल…"

"काय झालं सोलला?"

"कडवट वाटतोय जरा."

"तुझ्या बापाचा हात आहे तो. सही बघ आत. त्याला शिकवणार आहेस तू?"

लोरेदानाचे कान लाल झाले. "तसं नाही म्हटलं मी."

इंजिनियर यंत्राच्या काचेवरच्या हिरव्या रेघेकडे बघून म्हणाला, "मॅडम, हा सूर चुकलेलाच आहे. मी यंत्रात खाली ओढून घेतो. दोन मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही!" लोरेदाना अशी कडाडली की तो खुर्चीसकट मागे सरकला. "तुमच्या मिलानला लावा. इथं दुसऱ्याच्या सहीच्या सुराला कुणी शिवत नाही."

दोरिना भिंतीकडे बघत उभी राहिली. तोंड उघडायचं तर ते तिथंच उघडायला हवं होतं. पण तिला दिसत होता तो गुआल्तिएरोचा चेहरा, सोल वाजल्यानंतरचा. तेरा वर्षं ती त्या चेहऱ्याची वाट बघत होती.

पुढच्या रविवारी जेवताना लोरेदानानं आणखी सांगितलं. इंजिनियर वरपर्यंत तक्रार घेऊन गेला होता. "मी मालकांना सरळ सांगितलं, बाबांच्या सुराला कुणी हात लावला तर माझा राजीनामा. मालक म्हणाले, एन्नियोनं लावलाय ना, मग बरोबरच असेल."

"तो असं म्हणाला?"

"असंच म्हणाले."

दोरिनानं हातातला घास ताटात परत ठेवला. पाणी प्यायली. "आणि नावाचं काय झालं?" तिनं विचारलं.

लोरेदानानं नजर ताटात घातली. "ते तू कीबोर्ड दाखवायच्या समारंभाला येशीलच ना. बघ तेव्हा."

बघ तेव्हा! म्हणजे नाही. म्हणजे पोरगी सांगायला लाजतेय. दोरिनानं मनातल्या मनात गुआल्तिएरोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि ठेवलेला घास उचलून तोंडात टाकला. पोरीवर बालंट येईल, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण तिनं स्वतःची समजूत घातली, पोरीनं तर सांगितलं होतं कडवट आहे म्हणून. ऐकलं नाही ते मालकानं. चार दिवस बोलेल आणि गप्प बसेल. असली समजूत माणूस कधी घालतं हे काय सांगायला हवं? मनातून कळून चुकलेलं असतं तेव्हाच.

समारंभ त्यानंतरच्या एका रविवारी प्रार्थनेनंतर होता, कारखान्याच्या जेवणघरात. एका भिंतीला विन्चिसग्रासीचे, म्हणजे थरांच्या भाजलेल्या पास्त्याचे मोठाले ट्रे, वेर्दिक्कियो वाइनच्या बाटल्या. दुसऱ्या भिंतीला जर्मन आणि बेल्जियन व्यापारी, उन्हानं लाल झालेले. आणि मध्ये सगळं गाव. सूर लावणारे जुने म्हातारे तर झाडून आले होते, यंत्राला नावं ठेवायला. त्यांचा म्होरक्या सान्ते दोरिनाच्या शेजारी येऊन बसला.

"कशाला आलीस गं? रडायला?"

"हसायला," दोरिना म्हणाली.

"मग मीही हसतो. गुआल्तिएरोच्या कपड्यांकडे बघ, नवरामुलगा लाजेल."

मंचावर कीबोर्ड होता, त्याच्या शेजारी स्टुलावर एन्नियोची काळी पेटी, शोभेला. मागे भिंतीवर काहीतरी निळ्या कापडानं झाकलेलं. लोरेदाना मंचाच्या कडेला उभी होती, आणि आईकडे बघून हसत होती. एवढं काय हसायचं?

गुआल्तिएरो बोलायला उठला. जपान्यांना दोन शिव्या, गावाची चार कौतुकं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "या यंत्रातला पहिला आवाज आपल्या गावचा आहे. त्याला माझं नाव देता आलं असतं. पण मला एका मुलीनं बजावलं, मालक, दिलेला शब्द पाळा."

त्यानं कापड ओढलं.

भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: एन्नियो. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावरही तेच, हिरवं. टाळ्या सुरू झाल्या. म्हातारे उठून उभे राहिले. सान्तेनं तर दोरिनाचे दोन्ही हात धरून वर केले, पैलवानाचे करतात तसे. "तुझा नवरा गं! तुझा नवरा! बघ भिंतीवर!"

गुआल्तिएरोला काही पाझर फुटला नव्हता. मेलेल्या माणसाच्या नावावर माल खपतो आणि मेलेला माणूस हिस्सा मागायला येत नाही, एवढा हिशोब त्याला पक्का कळत होता. पण अक्षरं तर होती. तीस वर्षांत जी आली नाहीत ती आली होती. आणि गुआल्तिएरो आता कीबोर्डपुढे बसून कोटाच्या बाह्या मागे सारत होता.

"थांब," दोरिना म्हणाली. टाळ्यांत तिचं तिलाच ऐकू आलं नाही. ती हात सोडवायला गेली, सान्तेनं आणखी घट्ट धरले. "अरे सोड मला! गुआल्तिएरो, थांब!"

त्यानं वरचा सोल दाबला. आणि लांबवला, पोपसारखा.

चार मोठ्या स्पीकरमधून ती किरकिर सगळ्या जेवणघरात भरली. तो धुनेत पुढे सरकला, शेजारच्या पट्ट्यांवर, आणि तिथं ती आणखी वेडीवाकडी झाली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. एका जर्मनानं कानात बोट घातलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गुआल्तिएरोनं हात उचलले. त्याचा चेहरा अगदी तसा झाला होता, जसा तिनं तेरा वर्षं मनाशी रंगवला होता. पण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे भिंतीवरच्या नावाकडे बघत होते.

"एन्नियोचं काम हे?" सान्ते तिचे हात सोडून पुटपुटला. "अरेरे. शेवटी कान गेला होता तर बिचाऱ्याचा."

"गेलाच असणार," मागचा म्हातारा म्हणाला. "आणि आम्ही याला गुरू म्हणायचो."

"तरी मी म्हणत होतो, चुकलेला आहे," मिलानचा इंजिनियर मोठ्यानं बोलला. "पण इथं हात लावू देतील तर ना!"

लोरेदानाच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून उरलं नव्हतं. दोरिना उठली. खुर्ची मागे पडली.

"ते एन्नियोचं नाही! मी केलंय ते. मी घासली ती जीभ. मुद्दाम!"

आणि मग, अहो, जे झालं ते तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कुणी चिडलं नाही. लोकांनी माना हलवल्या. एका बाईनं चक्क डोळ्याला रुमाल लावला. "नवऱ्याला झाकतेय हो," ती म्हणाली.

"झाकत नाहीये! खरं सांगतेय!"

गुआल्तिएरो पट्टीचा विकणारा. त्यानं संधी ओळखली. मंचावरून खाली आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मायेनं म्हणाला, "राहू दे, दोरिना. आजारी माणूस होता. त्याची चूक कोण धरून बसतंय? आपण दुसरी पेटी घेऊ."

तिनं तो हात झटकला. "पेटी उघडा! आत्ता उघडा!"

त्या गर्दीत निदान चाळीस जणांच्या खिशात पक्कड होती. सान्तेनं खिळे काढले, ठोकळा बाहेर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "एन्नियोचीच सही आहे इथं," तो हळूच म्हणाला. "एकट्याची. तुझी कुठंय?"

"केली नाही मी."

"तू? सही केली नाहीस?" सान्तेला हे गुन्ह्याहून मोठं वाटलं. "चाळीस वर्षं ओळखतो तुला. हे मी नाही मानणार."

कुणीच मानणार नव्हतं. ती स्वतःहून इतकी नीच होऊ शकत नाही यावर गावाचा विश्वास होता, आणि तोच विश्वास एन्नियोच्या मानेवर बसला होता. दोरिनानं मंचाकडे बघितलं. "लोरे," ती म्हणाली. "तू ये. तू बघ."

लोरेदाना आली. आईकडे न बघता तिनं सान्तेच्या हातून ठोकळा घेतला आणि खिडकीपाशी उन्हात नेला. वरच्या सोलची जीभ नखानं उचलून धरली. बाकीच्या जिभा जुन्या चमच्यांसारख्या काळवंडलेल्या होत्या. या एकीच्या टोकाशी तीन रेघा चकचकत होत्या.

तिनं त्या बराच वेळ बघितल्या. सगळं जेवणघर तिच्याकडे बघत होतं. ती 'काही दिसत नाही' म्हणाली असती तर आई वाचली असती. बिचारी विधवा म्हणून सगळ्यांनी तिला घरी पोचवलं असतं.

"ओरखडा ताजा आहे," लोरेदाना म्हणाली. आवाज सपाट होता, आवाज भरायच्या खोलीत असायचा तसा. "महिन्याभराचा फार तर. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

सान्तेनं ठोकळा घेऊन उन्हात धरला, आणि मागच्याकडे दिला. तो म्हाताऱ्यांच्या हातोहात फिरला. ज्यानं ज्यानं बघितला त्यानं त्यानं दोरिनाकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. शेजारी बसलेली माणसं उठून लांब सरकली.

"मी तुला विचारलं होतं," लोरेदाना म्हणाली. "तेव्हा तू बाबांचं नाव घेतलंस."

"मला वाटलं, तो नाव देणारच नाही. मला वाटलं, त्याचं हसं होईल. लोरे, मी त्याच्यासाठी…"

"आणि मी त्यांच्या सहीसाठी नोकरी पणाला लावली होती."

गुआल्तिएरो काहीतरी बोलायला पुढे झाला. लोरेदानानं त्याच्या नव्या कोटाच्या खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत खिशात घातलं. मग सान्तेच्या कानामागची पेन्सिल घेतली आणि ठोकळ्यासकट आईपुढे धरली.

"सही कर."

दोरिनानं पेन्सिल घेतली. एन्नियोच्या नावाखाली जागा भरपूर होती. तिनं आपलं नाव लिहिलं.

"तारीख," लोरेदाना म्हणाली. "आजची नाही. घासलीस त्या दिवशीची."

तिनं तीही घातली.